कोलंबस, इंडियाना: दहा महिने राहून झाल्यावर

आधीच सांगते, हे ओहायोचं कोलंबस नव्हे. सासूबाई अजून सगळ्यांना तेच सांगतात. हे इंडियानातलं, पन्नासेक हजार वस्तीचं, इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय असलेलं. पुण्यातही तिचा कारखाना आहे, कोथरूडकरांना जास्त सांगायला नको.

लिहायचं निमित्त गाडी. मार्चमध्ये अल्टरनेटर गेला. गॅरेजवाला म्हणाला दोन दिवस, लागले अकरा. जगभर इंजिनं धाडणाऱ्या गावात आमच्या जुन्या गाडीला एक पार्ट मिळेना! वर नुसत्या तपासणीचे 140 डॉलर लावले. भांडले, 40 कमी झाले. उरलेले 100 अजून डोक्यात आहेत.

तोवर या गावाला मी दोनच स्टार देऊन मोकळी झाले होते. येईल तो इथल्या नामवंत आर्किटेक्टांच्या इमारतींचं कौतुक ऐकवतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागते, तिथे सारिनेनचं चर्च काय चाटायचंय, असं वाटायचं.

मग अकरा दिवस पायी हिंडले. फिफ्थ स्ट्रीटवर आय. एम. पेईची 1969 ची विटांची लायब्ररी. दारात शिल्पकार हेन्री मूरची वीस फुटी ब्राँझची कमान, हिरवट पडलेली. तिच्याखालून पोरं पळत असतात. मी तिथेच पिशवी टेकवून दम खाल्ला. समोर एलियल सारिनेनचं 1942 चं चर्च, आणि थोडं चाललं की त्याच्या मुलाची, एरोची, 1954 ची काचेची इमारत, एकेकाळची बँक. बापलेक एका फेरीत बघून होतात, तेही फुकट. लायब्ररीत तर हीटरसकट फुकट. थंडीत मी दुपारी तिथेच असते, घरचं बिल वाचतं.

हे सगळं आलं कुठून, तेही तिथेच वाचलं. कमिन्सच्या अर्विन मिलरनी गावापुढे प्रस्ताव ठेवला: शाळा तुम्ही बांधा, आर्किटेक्टची फी आमचं फाउंडेशन देईल, फक्त आर्किटेक्ट आमच्या यादीतला घ्या. हॅरी वीजची 1957 ची शाळा पहिली. पुढे फायर स्टेशनसुद्धा रॉबर्ट व्हेंच्युरीकडून! चांगले इंजिनियर या आडगावी टिकायचे तर गाव चांगलं हवं, असा हिशेब. माझ्यासारख्या चिक्कू बाईला तो लगेच पटला.

1900 पासूनचं झाहाराकोस आइस्क्रीमवाल्यांचं दुकानही बघा. एकच घेऊन दोघांत खाल्लं तरी 1904 च्या सेंट लुइस प्रदर्शनातून आणलेली सोडा फाउंटनं, म्हणजे सोडा भरून द्यायची जुनी यंत्रं, पोटभर बघता येतात. तळमजल्यावर घर घेताना मात्र जून 2008 च्या पुराचं विचारून घ्या. तेव्हा हॉ क्रीक या ओढ्याचं पाणी हॉस्पिटलात शिरलं, पेशंट हलवावे लागले.

चला, साडेतीन स्टार. चार दिले असते, पण फूटपाथ! आमच्या घराकडे येताना तो मधेच संपतो. वळत नाही, अरुंद होत नाही, सरळ संपतो; पुढे गवत. आर्किटेक्टची फी वाचवणाऱ्या गावाला शंभर फूट काँक्रीट जड झालं? रविवारी बसही नाही.

नवरा म्हणतो, दुसरी गाडी घेऊ. मी पंचवीस डॉलरची चाकांची पिशवी घेतलीय. लायब्ररीपासून मस्त येते, गवतावर उचलून घ्यावी लागते. काल तांदूळ होते आत.