यादी मोठी नेली, अर्धंच सामान घेऊन आले (5 पैकी 4 स्टार)

मी गोवंडीची. वस्तीतल्या पोरापोरींचा फुटबॉल क्लब काढायचा म्हणून मुंबईत धोबीतलावला खेळाच्या सामानाच्या या दुकानात आले होते, त्याला आता अख्खा पावसाळा उलटला, मुद्दाम थांबून लिहितेय कारण सामान कसंय ते पावसाळ्यानंतरच कळतं.

नागपूरला विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला, ती पोरं आधी पावसात फुटकी बादली लाथाडत होती म्हणे, त्यामुळे मला वाटायचं सामानाचं काय एवढं, कुठलाही बॉल चालतो. तर नाही हो. आमचं ग्राउंड म्हणजे खडी आणि डेब्रिज, तिथे आधीचे दोन शिलाईचे बॉल महिनाभरात उसवले होते. गल्ल्यावरच्या काकांनी पहिला प्रश्न हाच केला की ताई ग्राउंड कसलंय, आणि मी सांगितल्यावर महागडे बॉल परत कपाटात ठेवून मोल्डेड रबराचे काढले, एकेक 500 च्या आत. लागतो जरा कडक, हेडिंग करताना पोरं कुरकुरतात, पण पाणी पीत नाही आणि शिलाईच नाही तर उसवणार काय! 6 घेतले, 5 अजून चालू आहेत, एक नाल्यात गेला त्याला दुकान काय करणार.

मी सगळे बॉल 5 नंबरचे, म्हणजे मोठ्या साइजचे मागत होते. काका म्हणाले 12 वर्षांपर्यंतच्यांना 4 नंबर द्या, 5 नंबर 13 च्या पुढे. स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट, पण घेऊ दिले नाहीत, कडक जमिनीवर स्टड रुतत नाहीत, पाय मुरगळतो, साधे कॅनव्हासचे बूट बरे म्हणे. जर्सीच्या जागी बिब्स घेतले, म्हणजे कपड्यांवरून चढवायची बिनबाह्यांची बनियनं, दोन रंगांची. हे सगळ्यात भारी झालं, कारण आमच्या पोरी घरून कुर्ता घालूनच येतात, वरून बिब चढवला की झाली टीम, घरी कोणाला काही सांगायला नको.

आता एक स्टार का कापला. सरावाला जमिनीवर खुणेसाठी ठेवतात ते बशीसारखे प्लास्टिकचे कोन उन्हात दोन महिन्यांत तडकले, बदलून द्यायला सरळ नाही म्हणाले. आणि बिल! आधी साध्या चिठ्ठीवर लिहून दिलं. आमचा क्लब अजून रजिस्टर नाही, 7 जण जमवून कागद करायचे चाललेत, तोवर पैसे वस्तीतल्या मंडळाच्या खात्यातून जातात, ते मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं, ऑडिट होतं, मग चिठ्ठी कशी चालेल? पक्कं बिल म्हटल्यावर काउंटरवरच्या पोराचं तोंड वाकडं झालं, अर्धा तास बसवून ठेवलं. मंडळाच्या नावाचं पक्कं बिल पाहिजे हे भाव करायच्या आधीच सांगा.

बाकी बॉल हवा काढूनच देतात, त्यामुळे 6 बॉल एका पिशवीत बसतात आणि संध्याकाळच्या हार्बर लोकलच्या गर्दीतही घेऊन जाता येतं. पंप चांगलाय. फक्त पंपाच्या सुया एकदोन घेऊ नका, पोरं कोरड्याच खुपसतात आणि वाकवतात, डझनभरच घ्या आणि घालायच्या आधी ओली करायला शिकवा.