साठीनंतरच्या धावण्यासाठी देशी स्प्रिंट स्पाइक्स: रत्नागिरीतील वापरानंतरचा अभिप्राय

मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये शंभर आणि दोनशे मीटर धावणाऱ्या, साठी ओलांडलेल्या माणसाने रत्नागिरीच्या बाजारात मिळणारे स्पाइक्स, म्हणजे तळाला फिरवून बसवायचे खिळे असलेले धावण्याचे बूट, घ्यावेत का, आणि घेतल्यास ते कोणत्या मैदानावर व कसे वापरावेत, एवढाच या अभिप्रायाचा विषय आहे. मी घेतलेला जोड देशी बनावटीचा, दोन हजार रुपयांच्या आतला आणि उघडच शाळा-कॉलेजातील मुलांसाठी बनवलेला आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण साधारण याच घडणीचे जोड निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि पुढे सांगितलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा जोड हिवाळ्यातील स्पर्धा संपेपर्यंत मी नियमित वापरला आहे.

खोक्यावर उडी घेणाऱ्या तरुणाचे चित्र आहे आणि आतल्या कागदावर वयाचा उल्लेखही नाही. बनवणाऱ्याने आमच्यासारखे गिऱ्हाईक गृहीतच धरलेले नाही. मास्टर्सचे गट पस्तिसाव्या वर्षी सुरू होतात आणि दर पाच वर्षांनी पुढचा गट येतो, त्यामुळे एका टोकाला २०१६ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी शंभर मीटर ९.९३ सेकंदांत धावणारा सेंट किट्सचा किम कॉलिन्स असतो, तर दुसऱ्या टोकाला २०२२ मध्ये फिनलंडमधील तांपेरे येथे ९४ व्या वर्षी २४.७४ सेकंदांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या हरियाणाच्या भगवानी देवी डागर. त्याच वर्षी वडोदऱ्याच्या राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धेत रामबाई यांनी १०५ व्या वर्षी ४५.४० सेकंदांत शंभर मीटर पूर्ण केले होते. इतक्या विस्तृत वयोमानाच्या खेळासाठी वेगळा जोड कोणी बनवत नाही, म्हणून विशीतल्या पायासाठी केलेली वस्तू साठीच्या पायावर कशी बसते हे आपले आपणच पाहावे लागते.

प्रथम मापाविषयी. धावण्याच्या स्पाइक्समध्ये बोटे पुढे टेकतील इतका घट्ट जोड घेण्याची पद्धत आहे आणि दुकानदारानेही तेच सांगितले. "काका, स्पाइक्स सैल घेतलेत तर पाय आत सरकेल," हे त्याचे म्हणणे तरुणांच्या बाबतीत खरे आहे. परंतु वयानुसार पाऊल पसरते, चवडा रुंद होतो आणि अनेकांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेले असते. हा जोड चवड्याला इतका अरुंद आहे की नेहमीच्या मापात करंगळी वरच्या शिवणीवर घासते. अर्धे माप या कंपन्या काढत नाहीत, त्यामुळे मी एक माप मोठा जोड घेऊन जाड मोजा घालणे पत्करले. टाच त्यातही सुटत नाही, कारण मागची कडा चांगली खोल शिवलेली आहे. या जोडाची ही बाजू मला निःसंशय आवडली. पाय सकाळपेक्षा सायंकाळी थोडा सुजलेला असतो, हे लक्षात घेऊन संध्याकाळीच दुकानात जावे आणि दोन्ही पायांत घालून पाहावे. दोन्ही पावले एकसारखी असतातच असे नाही.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे तळाच्या प्लेटकडे येतो. चवड्याखाली कडक प्लास्टिकची प्लेट असून ती हाताने वाकवू गेल्यास कष्टाने वाकते. टाचेखाली मात्र फोमचा पातळसा थर आहे, जो अंगठ्याने दाबला तर लगेच खालची कडक बाजू लागते. टाच आणि चवडा जवळजवळ एकाच पातळीवर राहत असल्याने रोजच्या बुटांच्या तुलनेत पोटरी आणि टाचेमागची शीर अधिक ताणली जाते. शिवाय प्लेट बोटांना वाकू देत नाही, म्हणून जमिनीला रेटा देण्याचे जे काम बोटे आणि चवडा मिळून करतात त्याचा मोठा वाटा घोट्यावर पडतो. विशीतला स्नायू हे सहज पेलतो. साठीनंतर मात्र वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू कमी झालेले असतात आणि शीर पूर्वीइतकी लवचिक राहिलेली नसते.

यासंबंधी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २००० साली फिनलंडमधील युवॅस्क्युला येथे झालेल्या युरोपीय व्हेटरन्स, म्हणजे मास्टर्सच्याच, स्पर्धेत तिथल्या संशोधकांनी शंभर मीटरच्या अंतिम फेऱ्यांतील धावपटूंचे चित्रीकरण करून त्यांच्या पावलांचे मोजमाप केले होते. त्यात असे दिसले की वय वाढते तसा वेग घटतो तो मुख्यतः पावलाची लांबी कमी झाल्याने आणि पाय जमिनीवर टेकून राहण्याचा काळ वाढल्याने. पावले टाकण्याची घाई त्या मानाने फारशी घटत नाही. कडक प्लेटचा उपयोग पाय जमिनीवर क्षणभरच टेकवून उचलणाऱ्याला अधिक होतो, असे माझे मत आहे. आमचा पाय रेंगाळतो, त्यामुळे फायद्याचा वाटा कमी मिळतो आणि पोटरीवरचा भार मात्र पुरेपूर सोसावा लागतो. म्हणून दोन प्लेटांमध्ये निवड करायची वेळ आली तर कमी कडक प्लेटचा जोड घ्यावा, मग तो दिसायला साधा असला तरी चालेल. कार्बनची प्लेट असलेले परदेशी जोड हे साठीच्या पुढे, विशेषतः पूर्वी स्पाइक्स कधी न वापरलेल्यांनी, हौसेखातरसुद्धा घेऊ नयेत.

वापराची पद्धतही त्यावरूनच ठरते. सुरुवातीचे काही आठवडे स्पाइक्स फक्त सरावाच्या अखेरीस, तीस-चाळीस मीटरच्या मोजक्या धावांपुरते घालावेत आणि बाकीची सर्व तयारी साध्या बुटांत करावी. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम आधीपासून चालू असेल तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना टाचेच्या वर शीर ताठरलेली जाणवली तर ती सूचना समजून त्या आठवड्यात स्पाइक्स बाजूला ठेवावेत. हे मी इतक्या तपशिलाने लिहितो आहे, कारण खोक्यातील कागदावर याची एक ओळही नाही आणि आमच्या वयाच्या धावपटूंचा हंगाम बहुधा मांडीमागच्या स्नायूने नाहीतर पोटरीने बुडतो.

कोकणात मैदानाचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडची बहुतेक मैदाने म्हणजे जांभ्याच्या सपाटीवर पसरलेला मुरूम, त्यावर फक्कीने मारलेल्या लेन. उन्हाळ्यात हा मुरूम इतका कडक होतो की खिळा त्यात रुतण्याऐवजी वरच थांबतो आणि प्लेट जमिनीपासून अधांतरी राहते. तेव्हा पाऊल चवड्यावर न टेकता खिळ्यांच्या टोकांवर डुलते आणि घोटा मुरगळण्याची धास्ती वाटते. मधूनच जांभ्याचा खडा वर आलेला असला तर खिळ्याचे टोक एका धावेत बोथट होते. माझ्या जोडाचे पुढचे दोन खिळे अशाच मैदानावर झिजून कडेने तिरपे झाले. पावसाळा सरल्यावर, जमिनीत अजून ओल असताना, याच मुरुमावर हे स्पाइक्स खरोखर छान पकड देतात. पण तो काळ थोडाच असतो. एरवी मुरुमावर साधे, पातळ तळाचे बूट मला अधिक भरवशाचे वाटतात.

समुद्रकिनाऱ्यावर सराव करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. भाट्याच्या किनाऱ्यावर सुकतीच्या वेळी ओली वाळू लांबवर घट्ट असते आणि तिथे पळण्यात सुख आहे, हे मान्य आहे. पण तिथे स्पाइक्स नेऊ नयेत. वाळू खिळ्याला धरत नाही, त्यामुळे पकडीचा लाभ काहीच होत नाही. उलट खारे पाणी खिळ्यांच्या आट्यांत शिरले की घरी आणून धुतले तरी गंज धरतोच. कोरड्या, मऊ वाळूत तर टाच खोल जाऊन टाचेमागची शीर आणखी ताणली जाते.

या जोडाचा खरा कस सिंथेटिक ट्रॅकवर लागतो, आणि त्यासाठी आम्हाला चिपळूण तालुक्यातील डेरवणपर्यंत जावे लागते. सावर्डे स्टेशनवर उतरून पुढे जाण्याची दगदग पहिल्याच धावेत विसरायला होते. साध्या बुटांत पाय मागे जाताना जो किंचित घसरल्यासारखा वाटतो तो भास पूर्ण नाहीसा होतो, विशेषतः दोनशे मीटरच्या वळणावर, जिथे आतल्या बाजूला झुकून धावताना बाहेरच्या पायाला आधार लागतो. वळणावरचा हा भरवसा हा माझ्या दृष्टीने स्पाइक्सचा सर्वांत मोठा लाभ आहे, सरळ धावेतल्या वेगापेक्षाही मोठा.

मात्र ट्रॅकवर उतरण्यापूर्वी एक अडचण दूर करावी लागते. जोडासोबत आलेले खिळे १२ मिलिमीटर लांबीचे आहेत, तर सिंथेटिक ट्रॅकवर धावण्याच्या शर्यतींसाठी खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही आणि प्रत्येक बुटाला ११ पेक्षा जास्त खिळे नसावेत असा नियम आहे. खिळ्यांची संख्या नियमात बसते, लांबी बसत नाही. ट्रॅक खराब होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याहूनही आखूड खिळ्यांचा आग्रह धरला जातो, त्यामुळे ६ मिलिमीटरचा एक संच जवळ असलेला बरा. तो रत्नागिरीत मला मिळाला नाही आणि शेवटी पुण्याहून मागवावा लागला. मुलांच्या हातात देण्याच्या वस्तूबरोबर नियमात न बसणारे खिळे द्यावेत आणि खोक्यावर त्याची सूचनाही नसावी, हे मला पटत नाही.

दुसरी बाब गंजाची. आपल्या हवेत लोखंड कसे टिकते हे कोकणात घर असलेल्याला सांगायला नको. श्रावणात पेटीतून जोड काढला तेव्हा आतल्या पट्टीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते आणि दोन खिळे आट्यांत असे बसले होते की सोबतचा पत्र्याचा पाना त्यांच्यावर वाकला. पाना निकृष्ट आहे. जाड पोलादी पाना वेगळा घ्यावा. दर खेपेस धावणे झाल्यावर खिळे काढून पुसावेत, आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचे बोट लावावे आणि जोडात वर्तमानपत्राचे बोळे भरून तो हवेशीर जागी ठेवावा. खोबरेल तेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. पावसाळ्याचे चार महिने खिळे काढून, तेल लावून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे सर्वांत चांगले. गंज न धरणारे सिरॅमिकचे खिळेही येतात, पण मुरुमाच्या खड्यांवर ते मोडण्याची भीती असल्याने मी ते घेतलेले नाहीत.

या स्पाइक्समुळे वेळ किती सुधारली, हे सर्वजण विचारतात आणि मी आकडा सांगण्याचे टाळतो. हाताने घेतलेली वेळ विजेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या तुलनेत कमी येते, म्हणून शंभर मीटरसाठी तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. ज्या फरकाचे मोजमाप आपल्याला करायचे आहे तो यापेक्षाही लहान असण्याची शक्यता अधिक. त्यात रत्नागिरीत दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो. विक्रमासाठी पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक चालत नाही; आमच्या सरावाच्या मैदानावर तो मोजायला यंत्र कुठले असणार? तेव्हा मोबाइलवर वेळ लावून "स्पाइक्सने दोन दशांश वाचले" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मला जाणवलेला फरक पकडीचा आणि वळणावरच्या भरवशाचा आहे, आणि एवढा पैसा खर्च करायला तो पुरेसा आहे.

शर्यतीत सुटण्याच्या बाबतीत मास्टर्सच्या नियमांत एक सवलत आहे, जी नव्या लोकांना ठाऊक नसते: स्टार्टिंग ब्लॉक (सुटताना मागे पाय टेकवण्याचे ठोकळे) वापरण्याची किंवा खाली वाकून सुटण्याची सक्ती नाही, उभ्याने सुटले तरी चालते. उभ्याने सुटताना पुढच्या पायाच्या खिळ्यांची पकड फार उपयोगी पडते आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनी याच पद्धतीने सुटावे असे मी सुचवीन. ब्लॉकमधून सुटणाऱ्यांना या जोडाचे टोक थोडे मऊ असल्याचे जाणवेल.

टिकाऊपणा किमतीच्या मानाने बरा आहे. वरचे जाळीदार कापड शाबूत आहे, चिकटवलेला तळ फक्त डाव्या पायात, करंगळीच्या बाजूने थोडा सुटला होता, तो रस्त्यावरच्या चांभाराने शिवून दिला आणि त्यानंतर तक्रार नाही. ज्याला महिन्यातून एक-दोनदा तरी सिंथेटिक ट्रॅक मिळतो आणि वर्षातून एखादी स्पर्धा त्यावर धावायची आहे, त्याने हा जोड जरूर घ्यावा. ज्याच्या सगळ्या शर्यती मुरुमावरच होतात, त्याने हेच पैसे हलक्या साध्या बुटांवर घालावेत.

स्त्रियांच्या मापांची अवस्था मात्र वाईट आहे. आमच्यासोबत सराव करणाऱ्या पन्नाशीच्या गटातील दोघींना त्यांच्या पायाचे माप केवळ शाळकरी मुलांच्या घडणीत मिळाले, ज्यात टाच सैल आणि चवडा आवळलेला. त्यांपैकी एकीने जोड घेतला आणि घरी घालून पाहिल्यावर पाय आवळतो म्हणून परत केला. दुकानदाराने कुरकुर न करता पूर्ण पैसे दिले आणि महिलांची मापे मागवली तर निदान चार गिऱ्हाइके नक्की आहेत का, असे विचारले. आम्ही होकार कळवला आहे. माल अजून आलेला नाही.