काडेचिराईत: अख्ख्या काड्यांची जुडी घ्या, चूर्णाचा डबा नको

काडेचिराईत म्हणजे ताप, भूक यांसाठी वापरायची कडू वनस्पती. काष्ठौषधींच्या दुकानात ते मागितले की तीनपैकी एक वस्तू हातात पडते: अख्ख्या काड्यांची जुडी, हिरवट चुरा, नाहीतर चूर्णाचा डबा. तिन्ही कडू असतात आणि घोळ तिथेच होतो. चवीवरून खरे-खोटे कळत नाही, पारख डोळ्यांनी आणि बोटांनीच करावी लागते. म्हणून पैसे द्यायचे ते जुडीलाच.

खरे काडेचिराईत हिमालयातले. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग, भूतान या पट्ट्यात साधारण 1200 ते 3000 मीटर उंचीवर ते वाढते. फुले हिरवट-पिवळी, जांभळ्या छटेची, चार पाकळ्यांची. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाच्या दोन बारीक खळ्या असतात. झाड फुलावर आले की मुळासकट उपटून वाळवतात. भारतात येणारा बराच माल नेपाळच्या डोंगरातला. एकदा फुलून फळले की झाड मरते आणि बी पडायच्या आधी उपटले तर पुढच्या पिढीचीही सोय राहत नाही. त्यामुळे जंगलातले चिराईत कमी होत चालले आहे, भाव चढे आहेत आणि भेसळही त्याच कारणाने वाढली आहे.

जुडी घेताना एक काडी बाहेर काढा. बुडाकडे ती गोल, शेंड्याकडे चौकोनी लागते. रंग तपकिरी किंवा जांभळट. मोडली की आत पिवळसर, रुंद भेंड (मऊ गाभा) दिसते आणि नखाने सहज सुटून येते. खाली 5 ते 10 सेंटिमीटरचे, निमुळते, किंचित पिळलेले मूळ हवे. वर पाने आणि वाळलेली फुले-बोंडे असतील तर उत्तम. नुसती जाड खोडे भरलेली जुडी परत करा.

काडी बुडापासून शेंड्यापर्यंत चौकोनी आणि हिरवी असेल तर ते पालेचिराईत, म्हणजे कालमेघ. नावातच फरक आहे: एकाच्या काड्या वापरायच्या, दुसऱ्याचा पाला. कालमेघ अडुळशाच्या कुलातला. तोही गुणी आहे, तापावर आणि यकृतासाठी वापरतात, पण वनस्पती वेगळी, द्रव्ये वेगळी आणि भाव बराच कमी. काडेचिराईताच्या दराने तो विकणे ही सरळ फसवणूक आहे. ‘मिठा चिरायता’ म्हणून येणारी भेसळ त्याच प्रजातीतली. तिचे खोड चौकोनी, कडांना अरुंद पंख असलेले आणि कडवटपणा फिका. आपल्या सह्याद्रीतही कास-महाबळेश्वरकडे या प्रजातीची एक पांढऱ्या फुलांची जात आहे. ती फक्त इथलीच आहे, तिला हात लावू नये.

चूर्णात यातले काहीच तपासता येत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कालमेघाच्या पानातले चुनखडीचे खडे दिसतात, घरी नुसती कडू पूड दिसते. कॅप्सूलचा तोटा आणखी वेगळा. भूक लागावी म्हणून चिराईत घ्यायचे तर ते जिभेला लागले पाहिजे, कारण कडू चवीनेच लाळ आणि पाचकरस सुटतात. म्हणून साखर-गूळही घालू नये.

वापर सोपा आहे. एका मोठ्या माणसाला 3 ते 5 ग्रॅम, म्हणजे बोटभर लांबीच्या चार-पाच काड्या, हलक्या ठेचून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अर्धा कप पाण्यात रात्री भिजत घालाव्यात, वर झाकण. सकाळी गाळून अनशापोटी घ्यावे. तांब्या-पितळेचे भांडे नको. त्याच काड्या तीन-तीन दिवस भिजवण्याची काटकसर पावसाळ्यात अंगाशी येते, पाणी आंबते आणि बुळबुळीत होते. रोज नव्या काड्या घ्या. बाजारचे चूर्ण घेणे भागच असेल तर दिवसाला 1 ते 3 ग्रॅमपुढे जाऊ नये.

परंपरेने हे जीर्णज्वर, मंदावलेली भूक, जंत, यकृताच्या तक्रारी आणि अंगावरचे पुरळ यांवर देतात. संस्कृतात किराततिक्त किंवा भूनिंब ते हेच. तापावरच्या सुदर्शन चूर्णात बाकी सगळ्या औषधांच्या एकत्रित वजनाच्या निम्मे चिराईत असते, म्हणजे भेसळीच्या काड्या गेल्या तर अख्खे चूर्णच वाया. इंग्रजांनाही त्याची किंमत कळली होती: 1839 मध्ये ते एडिंबरोच्या औषधकोशात गेले.

मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणात आणि पोटात अल्सर असताना नको. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर चिराईत बाजूला ठेवून रक्त तपासा. मलेरिया-डेंग्यूच्या दिवसांत यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

एका वेळी 100 ग्रॅमच आणा, एका माणसाला निदान 20 दिवस पुरते. जुडी घरी आली की सोडून, एक दिवस सावलीत पसरून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दोरीने आवळलेल्या भागात ओल राहते आणि बुरशी आधी तिथेच धरते. पांढरी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर उन्हात वाळवून वाचवायला जाऊ नका, तो माल टाकून द्या.