नॉर्मलाइझ सीएसएस : मराठी साइटसाठी चांगलीच, पण लाइन-हाइट बदलून घ्या

नॉर्मलाइझ म्हणजे वेगवेगळ्या ब्राउझरांत साइट सारखी दिसावी म्हणून जोडायची सीएसएस (साइटचं रूप ठरवणारी भाषा) फाइल. फ्री आहे, एमआयटी लायसन्स (वापरा-बदला, मोकळीक) आहे, छोटीशी आहे. मी नागपुरातल्या छोट्या दुकानांच्या साइट बनवतो, बहुतेक मराठीतच, तर त्या हिशोबानं सांगून राहिलो.

ब्राउझर आपल्या मनानं स्टाइल लावतोच, बॉडीला (म्हणजे पानाच्या सगळ्या मजकुराला) ८ पिक्सेल मार्जिन, हेडिंगला त्याचं वेगळं, आणि क्रोम-सफारी-फायरफॉक्सचं सगळं जुळतंच असं नाही. एरिक मेयरची रिसेट फाइल (२.०, २०११ची) सरसकट सफाई करते, यादीचे ठिपके गेले, स्ट्राँग टॅग (ठळक करायची खूण) लावला तरी अक्षर ठळक होत नाही. भिंत रंगवायची म्हणून प्लास्टरच खरवडल्यासारखं झालं हे! निकोलस गॅलाघरची नॉर्मलाइझ तशी नाही, मुख्यतः जिथं ब्राउझरांचं पटत नाही तिथंच हात घालते.

मला आवडली ती बटनांमुळे. धरमपेठेतल्या एका सावजी भोजनालयाचं काम चालू आहे, बॉडीला मुक्ता फॉन्ट लावला की मेन्यू मस्त दिसतो, पण 'ऑर्डर करा' बटन अन् फोन नंबरचा डबा भलत्याच फॉन्टात, कारण बटन-इनपुट (इनपुट म्हणजे लिहायचा डबा) बॉडीचा फॉन्ट आपोआप घेतच नाहीत. नॉर्मलाइझ तिथं इनहेरिट (बाहेरचाच फॉन्ट घे) लावून देते, काम खतम. मेयरच्या यादीत बटन-इनपुट नाहीतच.

आता खटकणारं. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या किती पट) १.१५! इंग्रजीला चालून जाते बे, पण आपल्याकडं वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीत घुसतो, मेन्यूतलं लांब नाव दोन ओळींत गेलं की बघवत नाही. (मेयरची तर १ आहे, बोलायलाच नको.) आपली फाइल नंतर जोडा अन् बॉडीला १.६ द्या, आणि हो, बटन-इनपुटला नॉर्मलाइझमध्ये १.१५ वेगळी लिहिलेली आहे, म्हणून त्यांना पण द्या, नाहीतर बॉडीची त्यांना लागत नाही.

नॉर्मलाइझ बॉर्डर-बॉक्स (डब्याच्या रुंदीतच बॉर्डर अन् आतली जागा मोजणं) सगळ्याला लावत नाही, ते पण स्वतःच लिहा. ८.०.१ आवृत्ती २०१८ची, इंटरनेट एक्सप्लोररसाठीचा मजकूर अजून आत आहे, त्यानं काही बिघडत नाही म्हणा. नवीन काम असेल तर मॉडर्न-नॉर्मलाइझ (अशीच दुसरी फाइल) बघा, त्यात बॉर्डर-बॉक्स येतो. बूटस्ट्रॅप किंवा टेलविंड (सीएसएसचे तयार संच) वापरून राहिले असाल तर यातलं काहीच वेगळं टाकू नका, त्यांच्यात रीबूट आणि प्रीफ्लाइट या त्यांच्या अशाच स्टाइली आधीच असतात.