छापखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर: आठ महिन्यांनंतर

फोंड्यातल्या आमच्या छापखान्याची मेल डिसेंबरपासून आमच्याच सर्व्हरवर आहे. यंत्र म्हणजे जुना डेस्कटॉप, १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क रेड १ मध्ये (म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं), आणि यूपीएस. वर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. पत्रांची ने-आण पोस्टफिक्सकडे, ती फोनवर नि संगणकावर दाखवायचं काम डव्हकॉटकडे, स्पॅम आरस्पॅमडी अडवतो. सात खात्यांसाठी प्रोसेसर दिवसभर जवळपास रिकामाच असतो. रॅम मात्र ४ जीबी पुरली नाही, कारण व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही एकटाच एक जीबीहून जास्त घेतो. ८ केली, मग यंत्र अडखळायचं थांबलं.

आमच्या धंद्यात पहिली अडचण प्रूफची आली. पोस्टफिक्सची एका पत्रासाठीची मूळ मर्यादा सुमारे १० एमबी, आणि मेलला जोडलेली फाइल एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. त्यामुळे लग्नपत्रिकेची ८ एमबीची पीडीएफसुद्धा परत यायची. मर्यादा ४० केली.

खरा घाम काढला तो पत्र पाठवण्याने. पत्र घेणं सोपं आहे, समोरच्याने आपल्यावर विश्वास ठेवणं अवघड. पत्र खरंच आमच्याकडूनच आलंय हे समोरच्याला तपासता यावं म्हणून डोमेनवर करायच्या एसपीएफ, डीकेआयएम, डीएमार्क या नोंदी मी एका संध्याकाळी केल्या. पण आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावरून, सर्व्हरचं नाव सांगणारी पीटीआर नोंद इंटरनेट कंपनीच्याच हातात. ती व्हायला तीन आठवडे लागले, आणि तोवर आमची कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडत होती. न बदलणारा (स्थिर) आयपी, सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात तो पोर्ट २५ उघडा, आणि पीटीआर हे तिन्ही हातात आल्याशिवाय कोणी यात पडू नये.

जुलैत वीज पडून राउटर जळला. दीड दिवस सगळं बंद. माझ्या पोटात गोळा आला होता, पण पत्र पोचलं नाही तर पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं एसएमटीपीचं, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या पद्धतीचं, मानकच सांगतं. नवा राउटर लावला नि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, अडकलेल्या पत्रांच्या ओळींमागून ओळी धावू लागल्या. एका शाळेची बिलबुकांची ऑर्डर त्यातच होती. एवढ्या वर्षांत ईमेलबद्दल इतका आदर मला कधी वाटला नव्हता.

रेडवर मात्र विसंबू नका. वहिनीच्या फोनवरून चुकून ‘चवथ’ (गणेशचतुर्थी) हे फोल्डर पुसलं गेलं, आणि ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेलं. रात्रीच्या बॅकअपमधून परत आणलं. आता बॅकअपची आणखी एक डिस्क म्हापशाला भावाच्या घरी असते, दर रविवारी जाऊन बदलून आणतो.