आफ्टर इफेक्ट्स: बिघाड शोधायची साधनं उत्तम, पण कोपऱ्यात दडवलेली

प्रिव्ह्यू अडकतो, रेंडर (तयार फ्रेम काढून फाइल बनवणं) मधेच बसतं, आणि कारण काही कळत नाही. अ‍ॅडोबी आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ इफेक्टच्या सॉफ्टवेअरबद्दल ही तक्रार कायमची आहे, आणि त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'काढून टाका आणि परत इन्स्टॉल करा'. हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जुन्या प्रेफरन्सेस (आपण ठेवलेली सेटिंग्ज) आणि भरलेला कॅशे (तयार फ्रेमचा तात्पुरता साठा) तसाच राहिला, तर नव्या इन्स्टॉलेशनलाही तोच रोग जडतो. त्याआधी सुरू होतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरा (मॅकवर कमांड, ऑप्शन, शिफ्ट) आणि प्रेफरन्सेस रिसेट करा. मग 'एडिट' मेनूतल्या 'पर्ज'मधून मेमरी आणि डिस्क कॅशे दोन्ही साफ करा. दोन मिनिटांचं काम आहे.

सॉफ्टवेअरची खरी जमेची बाजू ऑक्टोबर २०२१ मधल्या २२.० आवृत्तीत आली, पण अनेकांना ती माहीतच नाही. टाइमलाइनच्या खाली डावीकडे गोगलगायीचं छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की प्रत्येक लेअरपुढे (चित्राच्या थरापुढे) चालू फ्रेमला किती वेळ लागला ते दिसतं. लेअर उघडला तर आतल्या एकेका इफेक्टचा वेळही वेगळा कळतो. समजा बाकीचे लेअर दहा-वीस मिलिसेकंदांत उरकतात आणि एकाच लेअरवरचा ब्लर ९०० खातो, तर चोर सापडला. तेवढाच लेअर प्री-कॉम्प करून (वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये टाकून) 'कॉम्पोझिशन' मेनूतून प्री-रेंडर करा, म्हणजे तो आधीच काढून ठेवा. पारदर्शकता हवी असेल तर प्रोरेस ४४४४ हा व्हिडिओ प्रकार निवडा. अंदाजाने दहा इफेक्ट बंद-चालू करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र इतकं मोलाचं साधन नखाएवढ्या चिन्हामागे ठेवणं ही रचनेतली चूक आहे, आणि ती सुधारायला हवी.

प्रिव्ह्यू चार सेकंद चालून थांबतो तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो, गणिताचा असतो. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ८ बिटमध्ये (रंगाच्या प्रत्येक घटकाला ८ बिट) सुमारे ८ एमबी जागा घेते. ३८४० बाय २१६० केलं की ३३ एमबी, आणि प्रोजेक्ट १६ बिटचा असेल तर ६६ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांना साडेसोळा जीबी लागतात. १६ जीबी रॅमच्या मशीनवर हे बसणारच नाही. ही रॅम अ‍ॅडोबीची किमान अट आहे, आरामात काम करायला ३२ जीबी धरा. प्रिव्ह्यू 'हाफ'वर आणला की लांबी-रुंदी दोन्ही निम्मी होतात, म्हणजे मेमरी चौथ्या हिश्श्यावर येते. टाइमलाइनवरची हिरवी रेघ म्हणजे फ्रेम रॅममध्ये आहे, निळी म्हणजे डिस्क कॅशेमध्ये. डिस्क कॅशे वेगवान एसएसडीवर ठेवा, फिरत्या हार्ड डिस्कवर नको.

प्रिव्ह्यू अजिबातच बदलत नसेल तर आधी कॅप्स लॉक पाहा. तो चालू असला की आफ्टर इफेक्ट्स चित्र ताजं करणं मुद्दाम थांबवतं. खाली लाल पट्टीत तसं लिहूनही येतं, पण घाईत ती वाचली जात नाही.

फुटेजच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर फार नाजूक आहे. मोबाइलवरचं चित्रण आणि स्क्रीन रेकॉर्डिंग यांचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बऱ्याचदा बदलता असतो, त्यामुळे आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल पुन्हा बनवा आणि मगच आत घ्या. चित्रात काळ्या किंवा हिरव्या फ्रेम दिसत असतील तर 'प्रेफरन्सेस'च्या 'इम्पोर्ट' भागातलं हार्डवेअर डिकोडिंग बंद करून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. त्याने फरक पडला तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर तपासायचा.

जुने टेम्प्लेट उघडल्यावर एक्सप्रेशन (हालचाल चालवणाऱ्या कोडच्या ओळी) तुटतात, त्याचं मोठं कारण २०१८ मध्ये आलेलं जावास्क्रिप्ट इंजिन. जुन्या इंजिनला इफ-एल्सची (जर-नाहीतरची) ढिली मांडणी चालायची, नव्याला महिरपी कंस लागतात. 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मध्ये जुनं इंजिन निवडता येतं, पण नवं जास्त वेगवान आहे, म्हणून कंस घालणंच शहाणपणाचं.

देवनागरी अक्षरांसाठी जुन्या आवृत्त्यांत एक सेटिंग बदलावंच लागतं. 'शक्ती'तला 'क्त' सुटून 'क'खाली पाय मोडलेला दिसतो, 'किल्ला'ची वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाते. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'टाइप'मध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, सॉफ्टवेअर बंद करून उघडा आणि नवा टेक्स्ट लेअर घ्या. टेक्स्ट अ‍ॅनिमेटरमध्ये (अक्षरं हलवायच्या साधनात) 'बेस्ड ऑन'ला 'कॅरॅक्टर्स'ऐवजी 'वर्ड्स' ठेवा, नाहीतर अक्षर एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे अशी उडते. आपल्या लिपीत काम करणाऱ्याला हे पहिल्यापासूनच आपोआप मिळायला हवं होतं.

लांब रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. २३.० आवृत्तीपासून रेंडर क्यूमध्ये (रेंडरच्या यादीत) एच.२६४ हा व्हिडिओ प्रकार परत आला आहे, पण तो छोट्या कामासाठी. मोठं काम पीएनजी किंवा टिफ सिक्वेन्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढा आणि रेंडर सेटिंग्जमध्ये 'स्किप एक्झिस्टिंग फाइल्स' चालू ठेवा. ३,००० फ्रेमपैकी २,४०० वर क्रॅश झालं तर शेवटची अर्धवट फ्रेम पुसून तिथूनच पुढे जाता येतं. शिवाय दर वेळी त्याच फ्रेमवर थांबत असेल, तर नेमकं कुठे पाहायचं तेही कळतं. मग 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मध्ये रेंडरिंग 'सॉफ्टवेअर ओन्ली' करून तीच फ्रेम काढून पाहा. निघाली तर अडचण ग्राफिक्स कार्डाकडे आहे. नाही निघाली तर मल्टी-फ्रेम रेंडरिंग (एकाच वेळी अनेक फ्रेम काढणं) बंद करून आणि बाहेरचे प्लगइन एकेक काढून पाहा.

शीर्षकं, लोगो, तक्ते, कॉम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एकत्र बसवणं) यांसाठी आफ्टर इफेक्ट्सची वर्गणी भरणं योग्य आहे. तासाभराच्या मुलाखतीचं कटिंग मात्र यात करू नका. त्यासाठी प्रीमियर किंवा डाविंची रिझॉल्व्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअर वापरा आणि इथे फक्त लागणारे शॉट आणा.