प्रत पारखून चित्रपट देणारे नौपाड्यातले दुकान

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत, पुनर्विकासाची वाट पाहत उभ्या असलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देणारे एक दुकान अजून चालू आहे. दुकानावर पाटी नाही. तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना ‘सीडीवाले काका’ विचारले की त्या मशीनवरून मान वर न करता जिन्याकडे बोट दाखवतात. गेले आठ महिने मी या दुकानाची वर्गणीदार आहे. १९३० आणि १९४०च्या दशकांतले बरेचसे चित्रपट मोबाइलवर फुकट दिसत असताना दरमहा २५० रुपये मोजून आणि वर्तकनगरहून टीएमटीच्या बसने इथवर येऊन ते नेण्यात काय हशील आहे, असे घरच्यांसकट अनेकांनी विचारल्यामुळे हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

खोली लहान आहे. तीन भिंतींना लोखंडी मांडण्या आहेत आणि चौथ्या भिंतीशी एक जुना डब्यासारखा टीव्ही, दोन प्लेअर आणि काकांची खुर्ची आहे. पहिल्या भेटीत मी अभिनेत्री शांता आपटे यांचे चित्रपट मागितले, तेव्हा काकांनी उलट विचारले, “प्रभातमधल्या की प्रभात सोडल्यानंतरच्या?” इथे नटनट्यांच्या नावांचे कप्पेच नाहीत. मांडणी स्टुडिओंप्रमाणे आहे: एक भिंत पुण्याच्या प्रभातची, एक मुंबईच्या बॉम्बे टॉकीज आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सची, आणि तिसरी, जी निम्मी रिकामी आहे, ती हॉलिवूडची. सुरुवातीला मला ही मांडणी गैरसोयीची वाटली. आता तीच योग्य वाटते. त्या काळात नट हा स्टुडिओचा पगारी माणूस होता. दिग्दर्शक, छायालेखक, सुतार, शिंपी आणि नायिका एकाच आवारात महिन्याच्या पगारावर काम करत, आणि त्यामुळे एखादा चेहरा कसा दिसतो, कसा उजळतो, कोणत्या भाषेत बोलतो, हे बऱ्याच अंशी त्या आवारावर अवलंबून असे. अशोककुमार बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि ऐनवेळी नायक बदलावा लागल्यामुळे कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले, ही हकिकत मालाडच्या त्या स्टुडिओचा कारभार माहीत असल्याशिवाय नीट कळत नाही.

मात्र मांडणीपेक्षा या दुकानाची खरी किंमत वेगळ्या गोष्टीत आहे. काकांना चित्रपट तर माहीत आहेतच, पण त्याहून अधिक त्यांना प्रती माहीत आहेत. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क ६० वर्षांनी संपतो. त्यानंतर ज्याच्या हाती जी प्रत लागेल ती त्याने काढावी, असा मामला असतो. मूळ फिती नायट्रेटच्या, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही. २००३ साली पुण्यातल्या साठ्याला लागलेल्या आगीत अशा कितीतरी फिती गेल्या. मग उरते ती प्रतीची प्रत, तिच्यावरून दूरचित्रवाणीसाठी केलेली टेप आणि त्या टेपवरून निघालेली डीव्हीडी. एकाच चित्रपटाच्या तीन-तीन डीव्हीडी या दुकानात आहेत आणि प्रत्येकीच्या पाकिटावर आतल्या बाजूला काकांच्या अक्षरात पेन्सिलीची टीप आहे: ‘तिसरे रीळ काळे’, ‘आवाज बरा, कडा कापलेल्या’, ‘कोपऱ्यात शिक्का, देऊ नये’.

‘कुंकू’चे उदाहरण सांगते. हा १९३७ सालचा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्याला पती मानायला ठाम नकार देते, अशी ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली कथा. यात पार्श्वसंगीत मुळीच नाही. जे काही ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज असतात, आणि त्यांत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक फार महत्त्वाची आहे. मी हा चित्रपट आधी मोबाइलवर पाहिला होता आणि शांता आपटे यांचे काम मला तडफदार पण थोडे एकसुरी वाटले होते. त्या प्रतीत सबंध चित्रपटभर गिरणीसारखी घरघर होती. काकांनी दिलेल्या प्रतीत शांतता शिल्लक होती. नायिका नुसती उभी आहे, काही बोलत नाही आणि मागे घड्याळ चालू आहे, अशा जागी तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू घट्ट होत जाताना दिसतो, आणि मग तीच मुलगी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायला लागते तेव्हा तिच्या अंगातला उत्साह किती दिवस कोंडलेला होता ते कळते. केशवराव दात्यांचा म्हातारा वकीलही चांगल्या प्रतीत नुसता खलनायक राहत नाही; स्वतःच्या वयाची लाज वाटणाऱ्या माणसाच्या बारीकसारीक हालचाली दिसू लागतात.

दुसरा धडा घरी मिळाला. माझी आत्या पंचाऐंशीच्या पुढची आहे. पुण्यात वाढलेली आणि प्रभातचे चित्रपट पुन्हा पुन्हा लागत तेव्हा ते पाहिलेली. मुलाने घेतलेल्या रुंद टीव्हीवर पहिली डीव्हीडी लावली, तेव्हा पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, “अगं, ही एवढी गालफुगी नव्हती.” मी ते वयाचे बोलणे समजून सोडून दिले. पुढच्या खेपेस सहज काकांना सांगितले तर ते हसले आणि त्यांनी माझ्या हातात एक झेरॉक्स केलेली चिठ्ठी ठेवली. त्या काळची चौकट चारास तीन या प्रमाणाची. आजचे टीव्ही सोळास नऊ. टीव्ही आपणहून चित्र ताणून पडदा भरतो आणि प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. चिठ्ठीत रिमोटवरची कोणती कळ कितीदा दाबायची ते टीव्हीच्या प्रकारानुसार मराठीत लिहिले आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि आत्याने समाधानाने पाय वर घेतले.

आवाजाच्या बाबतीत तर काका हट्टी म्हणावे इतके काटेकोर आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, आणि आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठी केलेल्या पुष्कळ प्रती २५ चौकटींच्या वेगाने चालतात. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे जवळजवळ पाच मिनिटे आधी संपतो, याचे कुणाला काही वाटत नाही. पण स्वरही चढतो. पेटीवर काळी एकचा सूर पांढरी दोनच्या किंचित अलीकडे जाऊन बसतो. काकांकडे पेटी आहे, आणि ‘संत तुकाराम’ची प्रत देताना त्यांनी विष्णुपंत पागनिसांच्या ‘आधी बीज एकले’चे दोन प्रतींमधले सूर मला पेटीवर लावून दाखवले. (हे पद शांताराम आठवल्यांचे आहे, पण ते तुकोबांचाच अभंग आहे अशी समजूत अजूनही सर्रास आढळते, आणि पागनिसांच्या तोंडून ऐकल्यावर ती समजूत करून घेणाऱ्यांना दोष देववत नाही.) चढ्या सुरातले पागनीस घाईत असल्यासारखे वाटतात, मूळ वेगात त्यांच्या गाण्यात आणि चालण्यात एकच लय आहे, जी या चित्रपटाचा प्राण आहे. १९३६ साली निघालेला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. माझे मत विचाराल तर पागनिसांइतकाच तो गौरींचा आहे. मूल आजारी पडल्यावर देवळात शिरून विठोबाला चप्पल दाखवणारी त्यांची जिजाई इतकी खरी आहे की प्रभातच्या नायिकांची यादी करताना त्यांचे नाव मागे का पडते, हे मला उमगत नाही.

काकांची आणखी एक सवय म्हणजे जोडीने चित्रपट देणे. ‘माणूस’ (१९३९) मागितला तर ते आधी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ (१९३६) हातात ठेवतात. कारण ‘माणूस’मध्ये बॉम्बे टॉकीजच्या प्रेमप्रसंगांच्या धाटणीची चेष्टा केली आहे आणि मूळ पाहिल्याशिवाय चेष्टेला हसू येत नाही. देविकाराणी मला त्या चेष्टेनंतरही आवडल्या. पण ‘कशाला उद्याची बात’ म्हणणाऱ्या शांता हुबळीकर पाहिल्यावर देविकाराणींचा नीटनेटका विरह थोडा इस्त्री केलेला वाटतो, हे कबूल केले पाहिजे. अशीच जोडी ‘शेजारी’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ (दोन्ही १९४१) यांची. प्रभात अनेक चित्रपट एकाच वेळी दोन्ही भाषांत काढत असे. मराठीत गजानन जागीरदारांचा मिर्झा आणि केशवराव दात्यांचा पाटील. हिंदीत मिर्झा जागीरदारच, पण त्याचा हिंदू मित्र मझहर खान यांनी केला आहे.

हॉलिवूडच्या भिंतीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ‘कॅसाब्लांका’ (१९४२) आहे, चांगल्या प्रतीत आहे आणि हम्फ्री बोगार्ट व इन्ग्रिड बर्गमन यांच्यासाठी तो कितीही वेळा पाहावा. बाकी बहुतेक तेच ते ठरावीक. तरी तिथेही काकांची जोडी लावण्याची खोड कामी आली. नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओविरुद्धचा खटला जिंकला आणि १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने ठरवले की कराराची सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेची सात वर्षे. काम नाकारल्याबद्दल नटीला बसवून ठेवलेले महिने त्यात वाढवता येणार नाहीत. त्यांचा चित्रपट देताना काका म्हणाले, “आमच्या शांताबाई त्याच्या पाच वर्षं आधी उपोषणाला बसल्या होत्या.” ते खरेच आहे. १९३९च्या जुलैमध्ये शांता आपटे कराराच्या भांडणावरून पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. ‘कुंकू’मधला तो नकार पाहून दोनच वर्षे झाली होती, तेव्हाच्या प्रेक्षकांना फाटकाशी बसलेल्या त्या बाईत पडद्यावरची मुलगी दिसली नसेल असे मला वाटत नाही.

आता गैरसोयी. जिना अरुंद आणि अंधारा आहे, कठड्याचा एक भाग हलतो, आणि ज्या वयाच्या लोकांना हे चित्रपट सर्वांत जास्त हवे असतात त्यांनाच तो चढणे अवघड आहे. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद असते आणि मंगळवारी पूर्ण दिवस. याची कल्पना कुठेही दिलेली नसल्यामुळे मी दोनदा बंद दाराला हात लावून परतले. ५०० रुपये डिपॉझिट आहे, एका वेळी दोनच चित्रपट मिळतात आणि पंधरा दिवसांनंतर दिवसाला दहा रुपये दंड आहे, तो काका हसत हसत पण पूर्ण घेतात. पैसे रोख द्यावे लागतात. न्यू थिएटर्सचा कप्पा निराशाजनक आहे: सैगलांचा ‘देवदास’ (१९३५) ज्या प्रतीत मिळाला त्यावर पेन्सिलीने ‘दुसरी नाही, माफ करा’ असे लिहिले होते आणि ती माफी अगदी आवश्यक होती. ‘अमृतमंथन’च्या (१९३४) डीव्हीडीवर तर असा ओरखडा होता की चंद्रमोहन यांचा तो प्रसिद्ध डोळा पडदाभर उघडला आणि तसाच अडकून राहिला. आत्या दचकली. काकांनी दुसऱ्या दिवशी डीव्हीडी बदलून दिली आणि त्या आठवड्याचे पैसे धरले नाहीत.

घरात प्लेअर नसेल तर काका दुरुस्त केलेला जुना प्लेअर १२०० रुपयांना देतात. मी घेतलेला अजून कुरकूर न करता चालतो आहे. ज्यांना नुसती गोष्ट कळण्यापुरता चित्रपट हवा आहे त्यांनी मोबाइलवर पाहावा, त्यांच्यासाठी इतका जिना चढण्याचे कारण नाही. मला मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे आहे, कारण आत्याला आता ‘शेजारी’ हवा आहे, तोही मराठीच. त्याची पेन्सिलीने ‘उत्तम’ लिहिलेली प्रत एकच आहे, ती सध्या बाहेर आहे आणि काकांच्या वहीत माझे नाव तिसरे आहे.